विश्लेषण : मासे खरे, पण गर्दी ‘निमो’साठी! डिस्नेच्या मत्स्यालयाची ४० वर्षे काय सांगतात?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ओरलँडोजवळ ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ आहे. त्यातील ‘एपकॉट’ या थीम पार्कमधले भव्य मत्स्यालय १५ जानेवारी १९८६ रोजी ‘द लिव्हिंग सीज’ या नावाने खुले झाले. यंदाच्या जानेवारीत त्याला ४० वर्षे पूर्ण झाली. माणूस लवकरच समुद्राच्या तळाशी वस्ती करेल, असे स्वप्न तेव्हा या मत्स्यालयाने दाखवले होते. आज त्याच इमारतीत मुले ‘निमो’ या कार्टून माशाला भेटायला येतात. दरम्यानच्या काळात डॉल्फिन आणि ओर्का बंदिस्त ठेवण्याविरोधात अनेक देशांत कायदे झाले. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ तर मरणपंथाला लागले आहेत. एका मत्स्यालयाच्या इतिहासातून समुद्राकडे पाहण्याची माणसाची नजर कशी बदलली, याचा हा आढावा.

डिस्नेच्या समुद्रात आधी काय होते?

सुरुवातीला प्लास्टिकचे मासे होते. कॅलिफोर्नियातील ‘डिस्नेलँड’मध्ये जून १९५९ मध्ये पाणबुडीची सफर सुरू झाली. प्रवासी पाणबुडीच्या छोट्या गोल खिडक्यांतून बाहेर पाहत आणि त्यांना कृत्रिम मासे, कृत्रिम प्रवाळ आणि समुद्री राक्षस दिसत. काही उन्हाळ्यांत तर जलपरीचा वेश केलेल्या तरुणीही तळ्यात पोहत असत. फ्लोरिडातील ‘मॅजिक किंगडम’ १९७१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथेही अशीच पाणबुडीची सफर होती. ती १९९४ पर्यंत चालली.

खरे समुद्री जीव दाखवून तिकीट विकण्याचा धंदा फ्लोरिडात त्याआधीपासून होता. सेंट ऑगस्टीनजवळ १९३८ मध्ये ‘मरीन स्टुडिओज’ सुरू झाले. पाण्याखालचे चित्रीकरण सोपे व्हावे, हा तिथल्या टाक्यांमागचा मूळ हेतू होता, पण टाकीतील डॉल्फिन पाहायला लोकांचीच झुंबड उडाली. पुढे १९६४ मध्ये सॅन दिएगो येथे पहिले ‘सीवर्ल्ड’ आले आणि डिसेंबर १९७३ मध्ये त्याच कंपनीचे पार्क ओरलँडोमध्येही उघडले. म्हणजे डिस्नेच्या अगदी शेजारी.

‘एपकॉट’मध्ये मत्स्यालय कसे आले?

वॉल्ट डिस्ने यांना ‘एपकॉट’ या नावाने भविष्यातील एक प्रायोगिक शहर वसवायचे होते. डिसेंबर १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि शहराची कल्पना मागे पडली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी याच नावाने उघडले ते एक कायमस्वरूपी प्रदर्शन. त्यात ऊर्जा, शेती, वाहतूक, कल्पनाशक्ती अशा विषयांवर एकेक दालन होते आणि बहुतेक दालनांचा खर्च उचलायला एखादी मोठी कंपनी प्रायोजक होती. ऊर्जेसाठी एक्सॉन, वाहतुकीसाठी जनरल मोटर्स, कल्पनाशक्तीसाठी कोडॅक, शेतीसाठी क्राफ्ट, अशी ती विभागणी होती.

समुद्राचे दालन मूळ आराखड्यात होते, पण उद्घाटनाच्या वेळी ते तयार नव्हते. ‘युनायटेड टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी प्रायोजक म्हणून आली आणि १९८६ मध्ये दालन उघडले. ओटिस लिफ्ट, कॅरियर वातानुकूलन यंत्रे आणि प्रॅट अँड व्हिटनी विमान इंजिने या सगळ्यांची मालकी तेव्हा या कंपनीकडे होती. मत्स्यालय चालवायचे तर पाणी उपसणारी, गाळणारी आणि थंड ठेवणारी यंत्रणा अहोरात्र लागते. तंत्रज्ञानाची जाहिरात करायला याहून चांगली जागा मिळणे कठीण होते.

‘सी बेस अल्फा’ काय होते?

हे मत्स्यालय पाहायला येणाऱ्याला आधी समुद्राच्या जन्माची छोटी चित्रफीत दाखवली जाई. मग त्याला ‘हायड्रोलेटर’ नावाच्या लिफ्टमध्ये नेत. दार बंद होई, जमीन थरथरे, खिडकीबाहेर खडक आणि पाण्याचे बुडबुडे वर सरकताना दिसत. आपण समुद्रात खोल उतरतो आहोत, असे वाटे. प्रत्यक्षात लिफ्ट जागची हलतच नसे. फक्त बाहेरची भिंत वर सरके. ओटिससारख्या लिफ्ट कंपनीच्या मालकाने प्रायोजित केलेल्या दालनातील सर्वांत गाजलेली लिफ्ट कुठेच जात नव्हती, ही त्यातली गंमत.

तिथून ‘सीकॅब’ नावाच्या छोट्या गाड्या टाकीतील बोगद्यातून पुढे नेत आणि प्रवासी ‘सी बेस अल्फा’ या काल्पनिक समुद्रतळावरील संशोधन केंद्रात पोहोचत. तिथे खोल पाण्यात उतरण्याचे पोशाख आणि परिसंस्थांची माहिती मांडलेली असे. मुख्य टाकीत शार्क, कासवे, पाकट आणि डॉल्फिन होते. मॅनाटी, म्हणजे समुद्रगायीचा नातेवाईक असलेला फ्लोरिडाचा सस्तन प्राणीही इथे ठेवला जाई. शेजारच्या ‘कोरल रीफ’ उपाहारगृहात जेवता जेवता मोठ्या खिडक्यांतून ही टाकी पाहता येत असे. सगळ्याचा संदेश एकच होता. अंतराळानंतर माणसाचे पुढचे घर समुद्रात असेल आणि तंत्रज्ञान त्याला तिथे पोहोचवेल.

टाकी किती मोठी आणि ती चालते कशी?

मुख्य टाकीचा व्यास सुमारे ६२ मीटर आणि खोली सुमारे ८ मीटर आहे. तिच्यात ५७ लाख गॅलन, म्हणजे सुमारे २ कोटी १५ लाख लिटर पाणी मावते. ऑलिम्पिक आकाराच्या साडेआठ जलतरण तलावांएवढे हे पाणी झाले. उघडली तेव्हा ही जगातील सर्वांत मोठी मत्स्यालय-टाकी म्हणून ओळखली गेली. २००५ मध्ये अटलांटा शहरात ‘जॉर्जिया अॅक्वेरियम’ सुरू झाल्यावर हा मान गेला.

या पाण्याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. ओरलँडो किनाऱ्यावर नाही. समुद्र तिथून गाडीने तासाभराहून अधिक अंतरावर आहे. त्यामुळे टाकीतले खारे पाणी तयार करावे लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने ही टाकी भरायला सुमारे ७५० टन क्षार लागतील. दहा टनी ट्रक धरले तर ७५ ट्रक.

टाकीच्या तळाजवळ पाण्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ८ टनांचा असतो. म्हणून खिडक्या साध्या काचेच्या न करता जाड ॲक्रिलिकच्या करतात. ॲक्रिलिक वजनाला काचेच्या निम्मे असते. त्याचे मोठे तुकडे असे जोडता येतात की सांधा दिसत नाही. काच जाड केली की हिरवट दिसू लागते, तसे ॲक्रिलिकचे होत नाही.

सर्वांत अवघड काम मात्र दिसत नाही. मासे पाण्यात अमोनिया सोडतात आणि तो त्यांच्यासाठीच विषारी असतो. गाळण यंत्रणेतील जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. यासाठी पाणी सतत फिरते ठेवावे लागते. झोपाळा किंवा रोलरकोस्टर रात्री बंद करता येतो, तसे मत्स्यालय बंद करता येत नाही. पार्कला एकही पाहुणा आला नाही, तरी पंप, पशुवैद्यक आणि खाद्याचा खर्च तेवढाच राहतो. पुढचे सगळे प्रश्न इथूनच सुरू होतात.

इथे खरे संशोधन झाले का?

काही प्रमाणात झाले. १९९० च्या दशकात या टाकीतील दोन नर डॉल्फिनना पाण्याखालील एका मोठ्या कळफलकाची ओळख करून देण्यात आली. पाणबुडे कळफलक वापरून आपल्याला कोणती वस्तू हवी किंवा कुठे जायचे हे दाखवत आणि डॉल्फिन ते पाहून शिकत. या कामावर आधारित शोधनिबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निरीक्षण लक्षवेधी होते. डॉल्फिन आपले शरीर एखाद्या वस्तूच्या दिशेने सरळ ठेवून थांबत आणि माणसाकडे वळून पाहत. म्हणजे ते कोणी न शिकवता ‘बोट दाखवत’ होते. जवळपास माणूस नसेल तर ते असे करत नसत.

थीम पार्कमधील टाकीतून आलेला हा महत्त्वाचा निष्कर्ष होता. मात्र त्यातून एक अडचणीचा प्रश्नही उभा राहिला. समोरच्याचे लक्ष आहे की नाही हे ओळखणारा प्राणी आयुष्यभर टाकीत ठेवणे कितपत योग्य?

मग घसरण कशामुळे झाली?

युनायटेड टेक्नॉलॉजीजने १९९८ मध्ये प्रायोजकत्व सोडले. दालन सुरू राहिले, पण त्यातील कथा विरत गेली. २००१ मध्ये ‘सीकॅब’ गाड्या बंद झाल्या. उरले ते मासे आणि जुने होत गेलेले भविष्य. समुद्रतळावर वस्ती होईल ही कल्पना तोपर्यंत लोकांनाही फारशी पटेनाशी झाली होती. १९६० च्या दशकात समुद्राखालील प्रयोगशाळांचे मोठे आकर्षण होते. शतक संपेपर्यंत त्या जागी यंत्रमानव आणि दूरनियंत्रित वाहने आली होती. माणसाला तळाशी राहण्याची गरज उरली नव्हती.

भविष्य दाखवणाऱ्या प्रत्येक प्रदर्शनाला हा शाप असतो. ते उघडते त्याच दिवसापासून जुने होऊ लागते. चित्रफीत बदलता येते, पण २ कोटी लिटरची टाकी बदलता येत नाही.

‘निमो’ने नेमके काय केले?

पिक्सारचा ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट मे २००३ मध्ये प्रदर्शित झाला आणि जगभर गाजला. त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. त्याच वर्षाअखेरीपासून या दालनात चित्रपटातील पात्रे दिसू लागली. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘टर्टल टॉक विथ क्रश’ सुरू झाले. पडद्यावरचे कार्टून कासव समोर बसलेल्या मुलांशी थेट गप्पा मारते, त्यांच्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरे देते. पडद्यामागे एक कलाकार असतो आणि त्याच्या बोलण्यानुसार कासवाचे ॲनिमेशन त्याच क्षणी तयार होते. हा प्रयोग इतका चालला की पुढे तो डिस्नेच्या इतर पार्कमध्येही गेला.

२००५ मध्ये जुन्या लिफ्ट काढून टाकण्यात आल्या. २००६ मध्ये शिंपल्याच्या आकाराच्या गाड्यांची नवी सफर आली आणि जानेवारी २००७ मध्ये ‘द सीज विथ निमो अँड फ्रेंड्स’ या नावाने दालनाचे अधिकृत उद्घाटन झाले. सफरीच्या शेवटी निमो आणि त्याचे मित्र थेट मुख्य टाकीच्या खिडकीवर उमटतात. पुढे कार्टून पोहत असते आणि मागे खरे मासे.

यात दोन विसंगती आहेत. मुख्य टाकी कॅरिबियन समुद्रातील प्रवाळांचे चित्र उभे करते, तर निमो हा क्लाउनफिश, म्हणजे हिंद आणि प्रशांत महासागरांतला. कॅरिबियनमध्ये तो नैसर्गिकरीत्या सापडतच नाही. दुसरी विसंगती अधिक बोलकी आहे. दंतवैद्याच्या दवाखान्यातील काचेच्या टाकीत अडकलेला मासा समुद्रात परतण्यासाठी धडपडतो, अशी या चित्रपटाची कथा. मत्स्यालयातून सुटण्याच्या गोष्टीनेच एका मत्स्यालयाला जीवदान दिले.

मग खऱ्या माशांची गरज उरली का?

जपानमधील ‘टोकियो डिस्नेसी’मध्ये २०१७ मध्ये ‘निमो अँड फ्रेंड्स सीरायडर’ ही सफर सुरू झाली. तिच्यात एकही जिवंत मासा नाही. प्रेक्षक हलत्या खुर्च्यांवर बसतात आणि समोरच्या पडद्यावर समुद्र उलगडतो. कॅलिफोर्नियातील जुनी पाणबुडी सफरही २००७ मध्ये निमोच्या कथेसह पुन्हा सुरू झाली. तिथेही मासे कृत्रिमच.

व्यवसायाच्या दृष्टीने हे सोपे आहे. पडद्यावरचा मासा आजारी पडत नाही, त्याच्यासाठी पशुवैद्यक लागत नाही, त्याच्यावरून आंदोलन होत नाही. तरीही एपकॉटने टाकी सोडलेली नाही. तिथे जलजीवांची देखभाल करणारा स्वतंत्र कर्मचारीवर्ग आहे. शिवाय डिस्नेने १९९५ मध्ये सुरू केलेल्या संवर्धन निधीतून जगभरातील वन्यजीव प्रकल्पांना मदत दिली जाते. खरा मासा पाहिला की मुलांना समुद्राबद्दल आस्था वाटते, हा मत्स्यालयांचा जुना युक्तिवाद आहे. चित्रपटामुळे लोक घरात असे मासे पाळू लागतात, हा आक्षेपही तितकाच प्रसिद्ध आहे. ‘फाइंडिंग डोरी’ या पुढच्या चित्रपटाबाबत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र माशांची आयात वाढल्याचे दिसले नाही. वाढ दिसली ती इंटरनेटवर माहिती शोधण्यात.

डॉल्फिन आणि ओर्काबाबत जग कुठे आहे?

एपकॉटमध्ये ओर्का कधीच नव्हते, पण याच शहरातील सीवर्ल्डमुळे हा वाद जगभर पोहोचला. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथे एका ओर्काने प्रशिक्षिकेचा जीव घेतला. २०१३ मध्ये ‘ब्लॅकफिश’ हा माहितीपट आला आणि लोकमत पालटले. मार्च २०१६ मध्ये सीवर्ल्डने ओर्कांचे प्रजनन थांबवल्याची घोषणा केली. मे २०२३ मध्ये अबुधाबीत उघडलेले सीवर्ल्ड हे ओर्का नसलेले पहिले ‘सीवर्ल्ड’ ठरले. दुसरीकडे, चीनमध्ये त्याच वर्षी सुरू झालेल्या चिमेलाँग समूहाच्या पार्कमध्ये ओर्का आहेत.

कॅनडाने २०१९ मध्ये व्हेल आणि डॉल्फिन बंदिस्त ठेवण्यावर कायद्याने निर्बंध आणले. फ्रान्सने २०२१ मध्ये, तर मेक्सिकोने २०२५ मध्ये अशा प्राण्यांच्या खेळांविरोधात कायदा केला. पण कायद्यानंतर नवा पेच उभा राहिला. फ्रान्समधील अँतिब येथील ‘मरीनलँड’ जानेवारी २०२५ मध्ये बंद झाले, तरी तिथले दोन ओर्का टाकीतच अडकून राहिले. कॅनडातील नायगारा फॉल्सच्या ‘मरीनलँड’मध्ये ३० बेलुगा व्हेल होते. त्यांना चीनला पाठवण्याची परवानगी सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये नाकारली आणि निधीअभावी या व्हेलना दयामरण द्यावे लागेल, अशी भाषा पार्ककडून झाली. टाकीत जन्मलेला प्राणी समुद्रात सोडला तर जगेलच असे नाही. पार्क बंद करता येते, प्राण्यांचे आयुष्य मात्र सुरूच राहते.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती?

भारताने या प्रश्नावर तुलनेने लवकर भूमिका घेतली. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये परिपत्रक काढून डॉल्फिन पार्कना परवानगी न देण्याचे राज्यांना कळवले. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी भागात ‘सी वर्ल्ड’ उभारण्याचा प्रस्ताव राज्यात बराच गाजला. भूसंपादनाला ग्रामस्थांनी विरोध केला आणि प्रकल्प प्रत्यक्षात आला नाही. मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. २०१५ मध्ये ॲक्रिलिकच्या बोगद्यासह त्याचे नूतनीकरण झाले, पण पुढे इमारतीच्या दुरवस्थेमुळे ते बंद करावे लागले. मत्स्यालय उभारणे सोपे, ते वर्षानुवर्षे सांभाळणे कठीण, हा एपकॉटचा धडा मरिन ड्राइव्हवरही लागू पडतो.

बाहेरच्या समुद्राचे काय?

या ४० वर्षांत सर्वांत मोठा बदल टाकीबाहेर झाला. २०१४ मध्ये मायामीजवळ प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा रोग आढळला आणि तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पसरत गेला. रोग पोहोचण्याआधी निरोगी प्रवाळ समुद्रातून काढून जमिनीवरील टाक्यांत हलवण्याची मोहीम सरकारी यंत्रणांनी हाती घेतली. त्यासाठी २०२० मध्ये ओरलँडोतच ‘फ्लोरिडा कोरल रेस्क्यू सेंटर’ सुरू झाले. ते सीवर्ल्ड चालवते आणि त्याला डिस्नेच्या संवर्धन निधीचे पाठबळ आहे. तिकीटबारीवर एकमेकांशी झगडणारे दोन शेजारी प्रवाळांसाठी एकत्र आले.

जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळील मॅनाटी बे येथे पाण्याचे तापमान ३८.४ अंश सेल्सिअस नोंदवले गेले. त्या उष्णतेच्या लाटेत फ्लोरिडा कीज परिसरातील एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न या प्रवाळ प्रजातींच्या ९८ ते १०० टक्के वसाहती मेल्या, असे ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. हे प्रवाळ आता तिथल्या परिसंस्थेत आपली भूमिका बजावण्याइतके उरलेले नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे.

एपकॉटच्या मुख्य टाकीतील प्रवाळ मुळापासून कृत्रिम आहेत. ते ना आजारी पडतात, ना पांढरे पडतात. १९८६ मध्ये बाहेरच्या समुद्रात जे विपुल होते त्याची ती प्रतिकृती होती. आज तिथे येणारे मूल ज्या रंगीत कॅरिबियन प्रवाळांकडे पाहते, तसे प्रवाळ फ्लोरिडाच्या समुद्रात शोधून सापडणे अवघड झाले आहे.

पुढे काय?

ऑक्टोबर २०२३ मध्ये या दालनाशेजारी ‘मोआना’ चित्रपटावर आधारित जलपथ सुरू झाला. पाण्याची कथा सांगायला डिस्नेला पुन्हा चित्रपटातील पात्रच लागले आणि त्यात वावगे काही नाही, कारण मुले त्यामुळेच थांबतात. थांबलेल्या मुलांना काय सांगायचे, हा खरा प्रश्न आहे. समुद्रात घर बांधायला निघालेला माणूस आज समुद्रातले जीव वाचवण्यासाठी टाक्या बांधतो आहे. ‘सी बेस अल्फा’ची गोष्ट नव्याने सांगायची झाली, तर तिचा विषय आता प्रवाळ वाचवणाऱ्या याच टाक्या असू शकतात. सध्या ती गोष्ट सांगणारी सफर एपकॉटमध्ये नाही. खिडकीवर निमो पोहतो आहे आणि त्याच्यामागे खरे शार्क, कासवे आणि पाकट फिरत आहेत.